पणजोबांच्या दाखल्याची अट



एकीकडे घोडबंदर रस्त्यावरील उत्तुंग इमारती आणि दुसरीकडे येऊरच्या डोंगरातील वारली, कातकरी व मल्हार कोळ्यांचे पाडे, अशा सीमेवरील या मानपाड्यात आपण मला या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद दिलेत, त्याबद्दल मी कृतज्ञ आहे. परंतु मराठीला अभिजात भाषेचा दर्जा लाभल्याचा हर्ष आळवीत बसण्याची माझी आज इच्छा नाही, कारण ज्यांच्या मुखी ही भाषा राबते त्यांची मुले बाळकुमच्या विद्यापीठ उपकेंद्रापर्यंत का पोहोचत नाहीत, हा प्रश्न साहित्याच्या कक्षेबाहेरचा आहे असे मी मुळीच मानीत नाही.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले, आणि पंचवीसच वर्षांनी, १८८२ मध्ये, महात्मा फुल्यांनी हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन केले की महसूल रयतेच्या श्रमातून उभा राहतो आणि खर्च मात्र वरिष्ठ वर्गांच्या उच्चशिक्षणावर होतो. ती तक्रार निकालात निघाली असे ज्यांना वाटते त्यांनी २०२१-२२ चे केंद्र सरकारचे सर्वेक्षण पाहावे : उच्चशिक्षणातील नोंदणीचे प्रमाण सर्वसाधारण २८.४ टक्के, आदिवासींचे २१.२.

‘जागा राखीव आहेत, आणखी काय हवे?’ असे मला विचारले जाते. मी उत्तर देतो : त्या जागेची किल्ली द्या! जमातीचा दाखला मिळाला तरी व्यावसायिक अभ्यासक्रमासाठी त्याची वैधता तपासून घ्यावी लागते. अनुसूचित जमातींचा राष्ट्रपतींचा आदेश ६ सप्टेंबर १९५० चा, म्हणून त्यापूर्वीचा, वाडवडिलांच्या शाळेच्या रजिस्टरातील किंवा महसुली दप्तरातील उतारा सर्वांत भक्कम पुरावा ठरतो. ज्यांच्या पणजोबांनी शाळेचे तोंडही पाहिले नाही, ज्यांच्या नावे सातबाऱ्यावर एक गुंठाही कधी चढला नाही, त्यांच्याकडे शाळेचा व जमिनीचा कागद मागणे म्हणजे वंचनेच्या बळीकडूनच वंचनेच्या अभावाचा पुरावा मागणे होय. खोट्या दाव्यांना पायबंद घातलाच पाहिजे, हे मला मान्य आहे, कारण ते दावे याच मुलांच्या जागा गिळतात; पण शोधाचा भार अठरा वर्षांच्या कातकरी मुलीवर का? कोकण विभागाची तपासणी समिती याच ठाण्यात आहे, दप्तर सरकारचे आहे, कारकून सरकारचे आहेत. मूल आठवीत असतानाच सरकारने आपल्या खर्चाने चौकशी सुरू करावी.

आणि गुणवत्ता घसरेल अशी भीती घालणाऱ्यांना मी विचारतो, १९४६ साली बाबासाहेबांनी सिद्धार्थ महाविद्यालय काढून नोकरदार विद्यार्थ्यांसाठी सकाळचे वर्ग चालविले, तेव्हा कोणती विद्या भ्रष्ट झाली? उलट, विद्यार्थ्याच्या दिनक्रमाप्रमाणे संस्थेने वाकावे, हा धडा आपल्या विद्यापीठांनी अद्याप गिरविलेला नाही. शाहू महाराजांनी कोल्हापुरात वसतिगृहे उभारली, कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात उभारली, कारण निवाऱ्यावाचून प्रवेश निष्फळ ठरतो हे त्यांनी ओळखले होते. येथे मात्र पाड्यावरून आलेल्या मुलाने या भागातील खोलीचे भाडे कोठून भरावे, याची पुरेशी तजवीज झालेली नाही.

म्हणून या संमेलनाने केवळ भाषेचे ठराव करून उठू नये. वैधतेची चौकशी शाळेतच पूर्ण व्हावी, निकाल लांबल्यास प्रवेश रद्द होऊ नये, आणि उपकेंद्रालगत वसतिगृहास भूखंड मिळावा, असा तीन कलमांचा मसुदा मी लिहून आणला आहे. तो आता वाचून दाखवितो, आणि ज्यांचा विरोध असेल त्यांनी उभे राहून तो नोंदवावा.