वाळवी आणि चेटूक



स्वागताध्यक्षाने लवकर आटोपावे, हा संकेत मी पाळणार आहे. मात्र परिषदेचा विषय वास्तव आणि माणूस यांचा असल्याने एक मुद्दा मांडतो.

एखादा समाज जगाकडे कसा पाहतो हे तपासताना त्याची उत्तरे खरी की खोटी, याचा निवाडा आपण घाईने करतो. त्याचा प्रश्न काय होता, हे पाहायचे राहूनच जाते. दक्षिण सुदानातील आझांदे लोकांविषयी मानवशास्त्रज्ञ इव्हान्स-प्रिचर्ड यांचा ग्रंथ १९३७ साली आला. त्यातले कोठाराचे उदाहरण सर्वपरिचित असले, तरी अजून पुरते पचलेले नाही. कोठाराचे खांब वाळवी पोखरते. उन्हाच्या वेळी माणसे त्याच्या सावलीत बसतात. एखादे कोसळते, खालचे जखमी होतात, आणि आझांदे म्हणतात, हे चेटूक. खांब वाळवीने खाल्ले हे त्यांना पक्के ठाऊक असते. त्यांना विचारायचे असते ते पुढचे: हीच माणसे खाली असताना, याच घटकेला ते का पडले? आपण ‘योगायोग’ म्हणतो आणि गप्प बसतो, हे काही फार मोठे उत्तर नव्हे. शिवाय चोरी किंवा व्यभिचार करून चेटकाकडे बोट दाखवलेले आझांद्यांना चालत नाही. म्हणजे या समजुतीला मर्यादा आहेत, शिस्त आहे.

यावर आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा करणाऱ्या महाराष्ट्रात असली समजूतदारी म्हणजे डोळेझाक नव्हे काय? चेटकीण ठरवून छळल्या जाणाऱ्या बाईला प्रश्नाच्या खोलीचे काय कौतुक? पण समजून घेणे म्हणजे निर्दोष ठरवणे नव्हे. सगळीच सत्ये सारखी, असेही मी म्हणत नाही. वाळवी आझांद्यांच्या लेखीही वाळवीच आहे. उलट, प्रश्न नीट ऐकला की आळ कुणावर येतो ते दिसू लागते. आझांद्यांत तो हेवादावा असलेल्या शेजाऱ्यावर येतो. सामान्य माणूस राजघराण्यातल्यांवर तो घेत नाही. अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या कार्यकर्त्याला हवी असलेली माहिती ती हीच. म्हणून क्षेत्रकार्य करणाऱ्या तरुण मित्रांना विनंती: श्रद्धेची नोंद करताना आळ कुणावर कधीच येत नाही, तेही लिहून घ्या.