चाकं बदलली आणि गाडी ओढू लागली



टायरचं रोटेशन केलं, म्हणजे पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे करून घेतले. दुकानातून निघालो, मोकळ्या रस्त्याला लागलो, आणि स्टिअरिंगवरची पकड जरा सैल केली की गाडी डावीकडे सरकते. सकाळपर्यंत सरळ जाणारी गाडी! अशा वेळी बहुतेक जण त्याच दुकानात परत जातात आणि म्हणतात, ‘अलाइनमेंट करून द्या.’ दुकानदार आनंदाने करून देतो. पैसे जातात, गाडी ओढायची ती ओढतेच.

माझं म्हणणं असं, की इथे अलाइनमेंटवर संशय घ्यायचा तो सगळ्यात शेवटी. विचार करा, टायर बदलताना मिस्त्री करतो काय? जॅक लावतो, नट काढतो, चाक उतरवतो, दुसरं चढवतो. चाकांचे कोन ठरतात ते सस्पेन्शनच्या दांड्यांवर आणि टाय-रॉडवर, आणि त्यांना तर कुणी हातही लावलेला नाही. शिवाय आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत कंपनीने बदलायला ठेवलेला कोन एकच असतो, पुढच्या चाकांचा टो. टो बिघडला की टायर झिजतो, स्टिअरिंग वाकडं दिसतं. पण गाडी एका बाजूला ओढण्याचं ते सहसा कारण नसतं. ओढ लावणारे कोन दोन, कॅम्बर आणि कास्टर. तुमच्या गाडीत ते बदलायची सोयच नसेल, तर अलाइनमेंटच्या मशीनवर नेमकं काय दुरुस्त झालं, हे बिल देण्यापूर्वी विचारायला हरकत नाही.

मग सुरुवात कुठून करायची? हवेपासून. मागच्या टायरमधली हवा कमी झाली तर चालवणाऱ्याला चटकन कळत नाही. तेच चाक पुढे आलं की लगेच कळतं, कारण गाडी कमी हवेच्या बाजूला ओढते. टायर थंड असताना चारही चाकांची हवा मोजा. किती हवी तो आकडा बहुधा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या खांबावर चिकटवलेला असतो.

दुसरी गोष्ट रस्ता. पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून डांबरी रस्त्याला मधून कडेला उतार देतात, साधारण २ ते २.५ टक्के, म्हणजे एका मीटरला दोन-अडीच सेंटिमीटर. आपण डावीकडून चालतो, तेव्हा चांगली गाडीसुद्धा हळूच डाव्या कडेकडे झुकते. तिला दोष देऊ नका. पण गाडी उजवीकडे, म्हणजे चढाच्या बाजूला ओढत असेल, तर नक्की काहीतरी आहे. सपाट, रिकामा रस्ता बघून चाचणी घ्या, आणि स्टिअरिंग हलकं धरा. हात सोडून देण्याचं धाडस नको.

हवा ठीक, रस्ता ठीक, तरी ओढ आहे? आता टायरकडे या. रेडियल टायर मिशलँ कंपनीने १९४६ मध्ये पेटंट केला आणि १९४९ मध्ये ‘एक्स’ या नावाने बाजारात आणला. त्याच्या नक्षीखाली पोलादी तारांचे पट्टे असतात. हे पट्टे मध्यावरून किंचित सरकलेले असले, तर हवा भरल्यावर टायरची एक कड दुसरीपेक्षा थोडी ताठ राहते. डोळ्यांना काही दिसत नाही, पण टायर वागतो शंकूसारखा. भेळवाल्याच्या कागदी पुड्याला टेबलावर लोळवून बघा, तो टोकाच्या बाजूला वळत जातो. टायरचंही तसंच, आणि चाक पुढे फिरो की मागे, त्याच्या ओढीची बाजू तीच राहते. रोटेशन वेळेवर न केल्याने एक कड जास्त झिजली, तर चांगल्या टायरचाही असा शंकू होतो.

असा टायर मागे असताना निमूट चालतो. स्टिअरिंग पुढच्या चाकांना, त्यामुळे खोडी उघड होते ती पुढे आल्यावर. कधी पुढचे दोन्ही टायर खोडकर असतात, पण विरुद्ध बाजूंना ओढून एकमेकांना सांभाळून घेतात, आणि आपण ती जोडी फोडतो! रोटेशनने दोष निर्माण केला नाही, चव्हाट्यावर आणला.

परीक्षा सोपी आहे. पुढची दोन चाकं डावी-उजवी अदलाबदल करा. डावीकडे बाहेर ओढणारा टायर उजवीकडे गेला की तिथेही बाहेरच ओढणार. म्हणून ओढीची दिशा उलटली, तर दोष टायरचा. मग एका वेळी एकच चाक मागच्या चाकाशी बदलून पाहा. ज्याच्या जाण्याने ओढ जाते तो गुन्हेगार. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल, तर मात्र ही डावी-उजवी अदलाबदल रिमवरून टायर काढल्याशिवाय करू नका.

दिशा तशीच राहिली तर? एक शक्यता अजून टायरचीच. सगळ्यात वरच्या पट्ट्यातल्या तारांच्या तिरपेपणामुळेही थोडी ओढ येते, आणि ती डाव्या-उजव्या बदलाने उलटत नाही. त्यासाठी पुढची जोडी मागे, मागची पुढे करून पाहा. तरीही फरक नसेल तर गाडीकडे वळा. एखादा ब्रेक अडकून राहतोय का? थोडं चालवून चाकांजवळ हात न्या. एकच चाक भलतंच तापलेलं असेल, तर उत्तर मिळालं. फक्त ब्रेक दाबल्यावर ओढत असेल तरी शोध ब्रेकमध्येच. यानंतर हवी तर अलाइनमेंट.

दोष पट्ट्याच्या शंकूपणाचा ठरला आणि टायरची झीज व्यवस्थित असेल, तर तो मागे ठेवून वापरता येतो. पण टायरला फुगवटा दिसत असेल, किंवा ओढीबरोबर धप्-धप् आवाज येऊन तो वाढत असेल, तर पट्टा सुटत असण्याची शक्यता आहे. तो टायर पुढेही नको, मागेही नको, स्टेपनीलाही नको.

आणि पुढच्या खेपेला दुकानात जाण्यापूर्वी प्रत्येक टायरवर खडूने त्याची जागा लिहून ठेवा: पुढचा डावा, मागचा उजवा, वगैरे. दुकानदार हसेल, हसू दे. कुठलं चाक कुठून आलं हेच माहीत नसेल, तर एवढी सगळी अदलाबदल करूनही काही कळणार नाही.