मक्याचे दाणे आणि संदर्भांची मोजदाद



शोधनिबंध छापून आला की संशोधकाचे काम पुरे झाले, असे एके काळी मानीत. आता तेथून मोजदाद सुरू होते. पुढील संशोधकांनी आपल्या लेखनात त्या निबंधाचा किती वेळा उल्लेख केला, याचा हिशेब ठेवला जातो. युजीन गारफील्ड यांनी 1964 मध्ये अशा संदर्भोल्लेखांची सूची प्रसिद्ध केली. 2005 मध्ये जॉर्ज हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने ‘एच-निर्देशांक’ सुचविला. ज्याच्या 20 निबंधांना प्रत्येकी निदान 20 उल्लेख लाभले, त्याचा निर्देशांक निदान 20. नेमणूक, बढती, अनुदान यांच्या वेळी आज हा आकडा पाहिला जातो. विज्ञानाकडे वळणाऱ्यांनी तो काय सांगतो आणि कोठे मुका होतो, हे आधीच जाणून घेतलेले बरे. त्यासाठी बार्बरा मॅक्लिन्टॉक यांच्या कारकिर्दीकडे पाहावे.

1902 मध्ये अमेरिकेत जन्मलेल्या मॅक्लिन्टॉक यांनी आयुष्यभर मक्याचा अभ्यास केला. पेशी विभागताना गुणसूत्रांचे तुकडे खरोखरच अदलाबदल होतात, हे त्यांनी आणि त्यांची विद्यार्थिनी हॅरिएट क्रेटन हिने 1931 मध्ये सिद्ध केले. जर्मनीत कुर्ट स्टर्न याच प्रश्नाच्या मागे असल्याने टी. एच. मॉर्गन यांनी त्यांना निबंध लवकर छापण्याचा आग्रह केला होता. 1944 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीवर त्यांची निवड झाली. तेव्हा त्या अज्ञात होत्या, उपेक्षित होत्या, ही रूढ कथा खरी नव्हे.

त्यांचे मोठे काम त्यानंतरचे. कोल्ड स्प्रिंग हार्बर येथील शेतात त्या स्वतः मका पेरीत, परागीकरण करीत आणि कणसांतील ठिपकेदार दाणे एकेक करून पारखीत. रंग देणाऱ्या जनुकात एक छोटा घटक शिरला की दाणा रंगहीन होतो. दाणा वाढत असताना काही पेशींतून तो घटक निघून गेला, तर तेवढ्या भागात रंग परत येतो. घटक लवकर निघाला तर ठिपका मोठा, उशिरा निघाला तर लहान. म्हणजे जनुकीय घटक गुणसूत्रावर जागा बदलतात! जनुके माळेतल्या मण्यांसारखी स्थिर असतात, असे समजणाऱ्या काळात हे पचणे कठीण होते. शिवाय पीक येईपर्यंत थांबावे लागे. अशा कामातून निबंधांच्या राशी उभ्या राहत नाहीत.

1950 मध्ये त्यांनी हे छापले, 1951 च्या परिसंवादात मांडले आणि 1953 मध्ये पुन्हा छापले. प्रतिसाद अगदी थंड होता. त्यानंतर त्यांनी या विषयावर नियतकालिकांत लिहिणे बरेचसे थांबविले. निष्कर्ष कार्नेगी संस्थेच्या वार्षिक अहवालांत जात राहिले. उल्लेख मोजणाऱ्याला ही वर्षे जवळजवळ रिकामी दिसतील. शेतातले काम मात्र थांबले नव्हते.

त्याच 1951 मध्ये ऑलिव्हर लाउरी आणि सहकाऱ्यांनी प्रथिनांचे प्रमाण मोजण्याची एक पद्धत प्रसिद्ध केली. 2014 पर्यंत त्या निबंधाचे उल्लेख 3 लाखांवर गेले होते. विज्ञानातील सर्वाधिक उल्लेखांचा तो निबंध ठरला. पद्धत उत्तमच होती, प्रयोगशाळांना रोज लागणारी होती. पण आपले हे सर्वश्रेष्ठ काम, असे खुद्द लाउरीही मानीत नसत. स्वयंपाकघरातील वजनकाट्याचा उपयोग किती वेळा झाला ते मोजून सुगरणीची पारख होत नाही, एवढे मात्र आपल्या घरच्या बायकाही सांगतील.

1960 च्या दशकाअखेरीस जिवाणूंमध्येही असे फिरते घटक सापडले आणि मॅक्लिन्टॉक यांचे जुने निबंध पुन्हा उघडले गेले. 1983 मध्ये, वयाच्या 81 व्या वर्षी, त्यांना वैद्यकशास्त्राचे नोबेल एकट्यांना मिळाले. या विषयात एकट्याने ते मिळविणारी दुसरी स्त्री अद्याप झालेली नाही. मक्याच्या जनुकसंचाचा सुमारे 85 टक्के आणि मानवी जनुकसंचाचा जवळपास निम्मा भाग अशा फिरत्या घटकांपासून बनला आहे, हे तर पुढे कळले.

1955 मध्ये एखाद्या निवड समितीपुढे त्यांच्या आधीच्या 5 वर्षांच्या उल्लेखांचा तक्ता ठेवला असता, तर पुढच्या हंगामासाठी शेताचा तुकडा त्यांना मिळाला असता का?