बंद्यांचे हक्क आणि रोजचा व्यवहार
(हिंगोली जिल्ह्यातील पदवीधरांसाठी दीक्षान्त भाषण)

इस्लामी धर्मशास्त्राने माणसावरची देणी दोन खात्यांत मांडली आहेत. एक खाते अल्लाहच्या हक्कांचे, दुसरे बंद्यांच्या, म्हणजे माणसांच्या, हक्कांचे. नमाज, रोजा, हज ही पहिल्या खात्यातली. मजुराची मजुरी, उसने घेतलेले पैसे, शेजाऱ्याची अब्रू, बहिणीचा वारसाहक्क ही दुसऱ्या खात्यातली. पहिल्यात कसूर झाली तर तौबेचा, म्हणजे पश्चात्तापाचा, दरवाजा उघडा असतो. दुसऱ्यात मात्र ज्याचे बुडाले त्याला ते परत करावे लागते किंवा त्याची माफी मिळवावी लागते. नुसत्या तौबेने ते देणे फिटत नाही. 'अखलाक' म्हणजे चारित्र्य, आणि त्याची खरी परीक्षा होते ती या दुसऱ्या खात्यात.

हजरत मुहम्मद पैगंबरांनी सोबत्यांना एकदा विचारले की दिवाळखोर कोणाला म्हणावे. ज्याच्याजवळ पैसा नाही, सामानसुमान नाही तो, असे उत्तर आले. पैगंबरांचे उत्तर वेगळे होते. कयामतच्या दिवशी एखादा माणूस नमाज, रोजे आणि जकात यांची मोठी पुंजी घेऊन येईल. पण त्याने कोणाला शिवी दिलेली असेल, कोणावर आळ घेतलेला असेल, कोणाचा पैसा खाल्लेला असेल, कोणावर हात उचललेला असेल. त्याचे पुण्य त्या लोकांत वाटले जाईल आणि ते पुरले नाही, तर त्यांची पापे त्याच्या नावावर चढतील. हा खरा दिवाळखोर. 'सहीह मुस्लिम' या संग्रहातील ही हदीस, म्हणजे पैगंबरांची उक्ती, पुष्कळांना पाठ असते. तिच्याप्रमाणे आपला हिशेब तपासणारे थोडे.

हिंगोलीसारख्या जिल्ह्यात हा विचार सर्वप्रथम मोंढ्यात, म्हणजे शेतमालाच्या बाजारात, लागू होतो. 1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत हे पाच तालुके आहेत. पाचही तालुक्यांचा संसार शेतीवर चालतो. हळद आणि सोयाबीन ही इथली पैशाची पिके. वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. वर्षभराची मेहनत एका दिवशी वजनकाट्यावर चढते आणि शेतकरी, हमाल, आडत्या, खरेदीदार यांच्यातला विश्वास तिथे पणाला लागतो.

मदिनेच्या बाजारातला प्रसंग इथल्या माणसाला समजावून सांगावा लागणार नाही. पैगंबर धान्याच्या एका ढिगापाशी थांबले. त्यांनी आत हात घातला, तर बोटांना ओल लागली. वरचे धान्य मात्र कोरडे होते. विचारणा झाली तेव्हा विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. मग भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असा पैगंबरांचा प्रश्न होता. फसवणूक करणारा आपल्यातला नव्हे, असा निर्वाळाही त्यांनी दिला. यात बारकावा आहे. धान्य भिजणे हा गुन्हा ठरला नाही, ओल लपवणे हा ठरला. मालातला दोष गिऱ्हाइकाला सांगणे हे इस्लामी व्यापारनीतीत विक्रेत्याचे कर्तव्य आहे. त्याने विचारले नाही म्हणून सांगितले नाही, ही सबब तिथे चालत नाही. हमीभावाच्या खरेदीत सोयाबीनच्या ओलाव्याची नेहमीची मर्यादा 12 टक्के असते आणि ती यंत्राने मोजता येते. पोत्याच्या तळाशी दडवलेली अर्धवट वाळलेली हळद मात्र प्रत्येक वेळी यंत्राला सापडेलच असे नाही, आणि नीतीचे काम तिथूनच सुरू होते.

फसवणूक एकाच बाजूने होते असेही नाही. कुरआनच्या 83व्या सूरेची सुरुवातच मापात पाप करणाऱ्यांच्या धिक्काराने होते. घेताना पुरेपूर मोजून घेणारे आणि देताना कमी भरणारे, असे त्यांचे वर्णन तिथे आहे. वजनात मनमानी कडता धरणारा व्यापारी आणि पोत्यात माती मिसळणारा शेतकरी, दोघेही त्या वर्णनात बसतात. पुढे मुस्लिम राजवटींत बाजारातली वजने-मापे तपासण्यासाठी मुहतसिब नावाचा अधिकारी नेमला जाई. धर्माने केवळ उपदेशावर भरवसा ठेवला नव्हता, हे यावरून दिसते.

उधारीबद्दलची शिकवण अशीच रोखठोक आहे. कुरआनची सर्वांत लांब आयत, दुसऱ्या सूरेतली 282वी, ध्यानधारणेबद्दल किंवा स्वर्गाबद्दल बोलत नाही. मुदतीचे कर्ज लिहून ठेवावे, लिहिणाऱ्याने प्रामाणिकपणे लिहावे, साक्षीदार ठेवावेत, रक्कम लहान आहे म्हणून कंटाळा करू नये, असे तिचे तपशीलवार सांगणे आहे. तिच्या थोडे आधी ऋणको अडचणीत असेल तर त्याला सवड द्यावी, आणि रक्कम सोडून देता आली तर ते अधिक चांगले, असे सांगितले आहे. व्याज निषिद्धच आहे. पाऊस दगा देतो त्या वर्षी सवडीच्या या आज्ञेची किंमत मराठवाड्यातल्या कोणत्याही कास्तकाराला कळेल. मजुराचा घाम सुकण्याआधी त्याची मजुरी द्यावी, ही हदीसही याच ओळीतली.

बाजारानंतर जीभ. 49व्या सूरेत एकमेकांची टिंगल, टोपणनावे, संशय, पाळत आणि पाठीमागची निंदा यांना एकापाठोपाठ मनाई केली आहे. निंदेची, म्हणजे गीबतची, तुलना मेलेल्या भावाचे मांस खाण्याशी केली आहे. आलेली बातमी पारखून घ्यावी, नाहीतर अजाणतेपणी कोणाचे नुकसान करून बसाल, हा इशाराही त्याच सूरेत आहे. व्हॉट्सॲपवर आलेला मजकूर न वाचता पुढे ढकलणाऱ्या पिढीने आधी ही आयत वाचावी.

शेजाऱ्याचा हक्क कुरआनने जवळच्या आणि परक्या, अशा दोन्ही शेजाऱ्यांना दिला आहे. पैगंबरांचे सोबती अब्दुल्लाह इब्ने अम्र यांच्या घरी बकरी कापली, तेव्हा आपल्या यहुदी शेजाऱ्याला वाटा पाठवला का, असे त्यांनी पुन्हा पुन्हा विचारल्याची नोंद आहे. संत नामदेवांचे नर्सी आणि औंढ्याचे ज्योतिर्लिंग ज्या जिल्ह्यात आहे, तिथल्या मुस्लिम पदवीधराचा शेजारी बहुधा वारकरी, बौद्ध किंवा बंजारा असणार. शेजारधर्मात त्याने फरक पडत नाही.

याहून कठीण आज्ञा पाचव्या सूरेत आहे: एखाद्या समूहाबद्दलच्या वैरामुळे न्याय सोडू नये. निजामी राजवटीच्या अखेरीस, 1948 मध्ये, मराठवाड्याने ही कसोटी जवळून पाहिली. आधी निजामसमर्थक रझाकारांचे अत्याचार झाले आणि 17 सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करल्यानंतर अनेक ठिकाणी निरपराध मुसलमानांवर सूड उगवला गेला. या हिंसाचाराची पाहणी करणाऱ्या सुंदरलाल समितीने सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत शेजारच्या नांदेडचे नाव घेतले. वैराच्या काळात न्याय करणारी माणसे दोन्हीकडे थोडी असतात. शांततेच्या काळात ज्यांनी त्याचा सराव केलेला असतो, त्यांच्यातूनच ती येतात.

घरातली नीती सर्वांत कमी तपासली जाते. अनस इब्ने मालिक यांनी पैगंबरांच्या घरी सुमारे दहा वर्षे सेवा केली. एवढ्या काळात पैगंबर आपल्याला एकदाही रागाने टाकून बोलले नाहीत, असे ते सांगत. पत्नीशी चांगला वागणारा तो तुमच्यातला उत्तम, अशीही हदीस आहे. प्रत्यक्षात मेहर कागदावर राहतो, हुंडा मागितला जातो आणि कुरआनने ठरवून दिलेला मुलींचा वाटा भाऊ हक्कसोड लिहून घेऊन बुडवतात. 18 एप्रिल 1966 रोजी समाजसुधारक हमीद दलवाई सात मुस्लिम महिलांना घेऊन मुंबईत विधानभवनावर गेले, ते तोंडी तलाकाच्या अन्यायाविरुद्ध. दलवाईंची भूमिका धर्मनिरपेक्ष होती आणि धर्मपंडितांना ती मान्य नव्हती. तरी त्या स्त्रियांचे दुःख बंद्यांच्या हक्कांच्या खात्यातच जमा होते, हे नाकारता येत नाही.

मग चारित्र्य घडते कसे? इमाम गझाली (1058–1111) यांनी 'इह्या उलूमुद्दीन' या ग्रंथात दिलेले उत्तर आजही व्यवहार्य आहे. स्वभाव बदलता येतो, आणि तो कृतीने बदलतो. कंजूष माणसाने मन उदार होण्याची वाट पाहत बसू नये. त्याने जबरदस्तीने देत राहावे, हळूहळू देणे अंगवळणी पडते. दिवस मावळल्यावर त्याने स्वतःचा हिशेब घ्यावा. अल्लाहला आवडणारे काम ते, जे थोडे असले तरी नित्य असते, ही हदीस याच्याशी जुळते. वाटेतला काटा बाजूला करणे, हसतमुखाने भेटणे ही कामेही सदका, म्हणजे दान, म्हणून मोजली गेली आहेत, म्हणजे सराव करायला गरिबालाही जागा आहे. रागाबद्दलची सूचना तर अगदी अंगाने पाळायची आहे: उभे असाल तर बसा, तरीही राग शमला नाही तर आडवे व्हा. आणि रोजा ठेवून खोटे बोलणे सोडले नाही, तर अशा माणसाच्या उपाशी राहण्याची अल्लाहला गरज नाही, असे 'सहीह बुखारी' या हदीससंग्रहात आहे.

मराठी वाचकाला ही शिकवण वाचायला दुसऱ्या भाषेत जावे लागत नाही. साने गुरुजींचे 'इस्लामी संस्कृती' आणि विनोबांनी अरबी शिकून संकलित केलेले 'कुराण-सार' ही पुस्तके सहज मिळतात.

आज पदवी घेणाऱ्यांपैकी अनेक जण उद्या तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक, बँक कर्मचारी होतील. त्यांच्यासाठी एक प्रसंग. जकात गोळा करायला पाठवलेला एक अधिकारी परत आला आणि माल दोन भागांत मांडून म्हणाला की हा तुमचा आणि हा लोकांनी मला भेट दिलेला. पैगंबर मिंबरवर, म्हणजे मशिदीतल्या व्यासपीठावर, चढले आणि सर्वांसमक्ष त्यांनी विचारले: हा माणूस आईबापाच्या घरी बसून राहिला असता, तर ही भेट त्याच्याकडे चालत आली असती का? पद ही अमानत, म्हणजे विश्वासाने सोपवलेली ठेव, आहे आणि पदामुळे आलेली भेट ही त्या अमानतीतली चोरी, असा अर्थ फकीहांनी, म्हणजे धर्मशास्त्रज्ञांनी, यातून काढला. सातबाऱ्याच्या फेरफारासाठी, दाखल्यासाठी किंवा अनुदानाच्या यादीसाठी कोणी पाकीट पुढे करील, तेव्हा हिंगोलीच्या पदवीधराने हाच प्रश्न स्वतःला विचारावा आणि पाकीट परत करावे.