बारा हजारांत शाळेचं ग्रंथालय



आम्ही वसईतल्या एका कॅथलिक मराठी शाळेच्या सहा जणी. चौघी मुलांच्या आया, एक निवृत्त शिक्षिका आणि एक ग्रंथालय सांभाळणाऱ्या टीचर. गेल्या वर्षी आम्ही शाळेचं ग्रंथालय नव्याने भरलं. हातात होते १२,००० रुपये. निम्मे शाळेने दिले, निम्मे आम्ही चर्चच्या सणाला खाऊचा स्टॉल लावून जमवले. ते कसे पुरवले आणि आमचं कुठे चुकलं, ते आज सांगणार आहोत.

शाळेत तीन कपाटं होती, तिन्हींना कुलूप. आत जुनी गाइडं, अभ्यासक्रम बदललेली पाठ्यपुस्तकं, एकाच संतचरित्राच्या अकरा प्रती आणि वाळवीने पोखरलेले कथासंग्रह. म्हणून पहिले दोन आठवडे आम्ही एक रुपयाही खर्च केला नाही. फक्त तीन ढीग केले: ठेवायची, डागडुजी करायची आणि काढून टाकायची पुस्तकं. काढायच्या पुस्तकांची यादी करून मुख्याध्यापिका सिस्टरांची सही घेतली आणि रजिस्टरात निर्लेखनाची नोंद केली. हे काम टाळू नका. भरलेलं कपाट पाहून सगळ्यांना वाटतं, पुस्तकं आहेत की! मग नव्यांसाठी कोण पैसे देणार?

काही पुस्तकं देणगीची होती. आमच्यातल्या एकीच्या सासूबाईंनी दिलेलं पुस्तक वाळवीने शिवणीपर्यंत खाल्लं होतं. ती म्हणाली, “त्यांच्या हातचं नाव आहे गं, टाकवत नाही.” शेवटी नावाचं पान तेवढं जपून कापलं आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं. आता तिथे अशी चौदा पानं आहेत.

आता हिशोब. कव्हरचा कागद, डिंक आणि कापडी पट्टी यांना ८०० रुपये. जूनमध्ये ५,००० रुपयांची पुस्तकं. उरलेले ६,२०० शिल्लक ठेवले, आणि तेच बरं झालं. कारण जूनची खरेदी आम्ही आमच्या मनाने केली होती. जाडजूड चरित्रं, सामान्यज्ञान, सुविचार. ऑगस्टपर्यंत ती जशीच्या तशी उभी होती. मग दाराशी एक खोका ठेवला आणि मुलांना चिठ्ठ्या टाकायला सांगितलं. चिठ्ठ्यांत होतं भुतं, क्रिकेट, साप, विनोद, कागदाच्या वस्तू. शाळेत कितीतरी मुलं घरी कादोडी किंवा हिंदी बोलणारी. त्यांना मोठ्या अक्षरांची, चित्रांची, पातळ पुस्तकं हवी होती. दिवाळीनंतरची खरेदी त्या चिठ्ठ्या हातात धरून केली.

कमी पैशांत काय मिळतं, तेही सांगतो. नॅशनल बुक ट्रस्ट आणि प्रथम बुक्स यांची मराठी बालपुस्तकं स्वस्त असतात. प्रथमच्या ‘स्टोरीवीव्हर’वरच्या गोष्टी तर फुकट उतरवून छापता येतात. आम्ही काही छापून दोऱ्याने शिवल्या. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ सालापासून निघतं. घरोघरी पडलेले जुने अंक गोळा केले. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी पुस्तकावरचा हक्क संपतो. म्हणून साने गुरुजींची ‘श्यामची आई’ आणि लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ यांच्या स्वस्त आवृत्त्या मिळतात. फक्त अक्षर बारीक नाही ना आणि पानं गाळलेली नाहीत ना, हे पाहून घ्या. छापील पुस्तकांवर जीएसटी नसतो, बिल नीट वाचा. आणि शाळेच्या लेटरहेडवर मागणी करून सवलत विचारा. विचारायला लाजू नका.

फादरांनी विचारलं, “धार्मिक पुस्तकांचं काय?” आमच्या शाळेत सगळ्या धर्मांची मुलं आहेत. आम्ही ठरवलं, एक खण श्रद्धेच्या पुस्तकांचा, पण तो मराठी वाङ्मयाच्या शेजारीच. फादर स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली छापलं गेलं, तेही मराठीत. आपल्या वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांना ‘सुबोध बायबल’साठी २०१३ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ही पुस्तकं मराठी वाचणाऱ्या सगळ्यांची आहेत. संतचरित्राच्या अकरांपैकी दोन प्रती ठेवल्या, बाकीच्या चर्चमध्ये दिल्या.

एवढं करूनही सहावीतली एक मुलगी रोज सुट्टीत येऊन तिथेच वाचायची. पुस्तक घरी मात्र नेत नव्हती. टीचरांनी कारण विचारलं तेव्हा म्हणाली, “मम्मी सांगते आणू नको. पत्र्यातून पाणी गळतं. भिजलं तर पैसे कुठून भरायचे?”

आम्ही गप्प झालो. पुस्तक हरवलं किंवा खराब झालं तर पूर्ण किंमत भरायची, हा नियम आम्हीच जूनमध्ये लिहून दाराला लावला होता. नवी पुस्तकं जपावीत एवढंच मनात होतं. पण ज्या घरात एकही पुस्तक नाही, त्याच घराचं दार आम्ही बंद केलं होतं.

त्याच दिवशी कागद काढला. शिलकीतले १,००० रुपये हरवणाऱ्या आणि भिजणाऱ्या पुस्तकांसाठी बाजूला ठेवले. दिवाळीनंतरच्या खरेदीला उरले ५,२००. नवा नियम असा की पुस्तक खराब झालं तर येऊन सांगायचं आणि शनिवारी टीचरांसोबत बसून ते चिकटवायचं. हरवलं तर तेही सांगायचं, पैसे नाहीत. पावसाळ्यात प्रत्येक पुस्तकाबरोबर प्लॅस्टिकची पिशवी द्यायची.

काही पालक म्हणाले, मुलं सोकावतील. वर्षअखेर मोजलं तर नऊ पुस्तकं परत आली नव्हती, पाच भिजली होती. हजारातले ६४० रुपये लागले. आणि ती मुलगी? पहिलं पुस्तक तिने दोन पिशव्यांत गुंडाळून नेलं. परत आणताना म्हणाली, “मम्मीला पण वाचून दाखवलं.”

मैत्रिणींनो, पुस्तकांच्या पैशांचा हिशोब मांडाल तेव्हा हरवणाऱ्या पुस्तकांचा खर्च आधीच त्यात धरा. या आठवड्यात आपल्या मुलांच्या शाळेत जाऊन एवढंच विचारा, ग्रंथालयाची किल्ली कुणाकडे असते आणि पुस्तक घरी न्यायला मिळतं का?

पुढचं सगळं तिथून सुरू होईल.