रोप आणि पुस्तक



आपल्या रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ सालचे. तरीही दुपारी पुस्तक हाती घेतले की, “कामे आटोपली वाटतं?” असे आपणच एकमेकींना विचारतो. झाडांना पाणी घालणारीला मात्र कोणी हटकत नाही! तेव्हा दोहोंची सांगड घालू या.

दुर्गाबाई भागवतांच्या ‘ऋतुचक्रा’त (१९५६) बारा महिन्यांचे निसर्गवर्णन आहे. दरमहा त्या महिन्याचा लेख एकीने मोठ्याने वाचावा. बाकीच्यांनी गजरे गुंफावेत, पावसाळ्यात अबोलीची रोपे वाटावीत. दृष्टी अधू झालेल्या आजींनाही ऐकता येईल. सुकवलेल्या पानाफुलांच्या वाचनखुणा कराव्यात. ओले फूल मात्र पुस्तकात ठेवू नये, डाग पडतो. पुस्तक सगळ्यांचे असते.

वाचन हेही घरातलेच काम आहे, एवढेच माझे सांगणे.