टँगलवुडची उन्हाळी संगीतशाळा

पाश्चात्य संगीत शिकणारा विद्यार्थी वर्षाचा बहुतेक काळ एकटाच असतो. आठवड्यास एकदां गुरूपुढें उभें राहावयाचें, दिलेला पाठ वाजवून दाखवावयाचा, आणि उरलेले सहा दिवस खोलीचें दार लावून त्याच चार ओळी घोटावयाच्या, हा त्याचा क्रम. बोटें तयार होण्यास हा क्रम उत्तम आहे. परंतु ज्या कामासाठीं तीं तयार व्हावयाचीं तें काम एकट्याचें नाहीं. हिंदुस्थानी गवयास तंबोरा व तबलजी लाभला कीं मैफल उभी राहते. मोठी सिंफनी वाजवावयाची तर साठसत्तरांपासून शंभरांपर्यंत माणसें एकत्र बसावीं लागतात, आणि त्यांतल्या प्रत्येकास दुसऱ्याचें ऐकण्याची संवय असावी लागते. ही संवय बंद खोलींत लागत नाहीं.

ती लावण्याकडे उन्हाळ्याची सुटी खर्चण्याची कल्पना अमेरिकेंत विशेष फोफावली. कारण अगदीं व्यावहारिक आहे. उन्हाळ्यांत शाळा-कॉलेजें बंद असतात, आणि मोठ्या वाद्यवृंदांचा मुख्य हंगाम हिवाळ्याचा असल्यामुळें त्यांतील वादकांसही त्या दिवसांत शिकविण्यास सवड मिळते. मिशिगनमधील इंटरलॉकन येथें शाळकरी मुलांचें संगीतशिबिर १९२८ सालींच सुरू झालें होतें. परंतु वयांत आलेल्या, वादनाचा पेशा पत्करूं पाहणाऱ्या तरुणांच्या शिक्षणास जें वळण लागलें तें मुख्यतः मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील टँगलवुडच्या शाळेनें.

टँगलवुड हें लेनॉक्स गांवाजवळच्या बर्कशायर टेंकड्यांतील एक जुनें आवार. १९३७ सालीं सुमारें दोनशें एकरांची ही जागा बॉस्टन सिंफनी ऑर्केस्ट्रास देणगी मिळाली. त्याच ऑगस्टांत तंबूंत वाग्नेरचें संगीत चालूं असतां असें वादळ आलें कीं, पावसाच्या माऱ्यापुढें सबंध वाद्यवृंद ऐकूं येईना. पक्क्या छपरासाठीं तेथल्या तेथें वर्गणी सुरू झाली आणि पुढच्या वर्षीं तें उभें राहिलें. त्यास आजही नुसतें ‘शेड’ म्हणतात.

या वाद्यवृंदाचे नायक सर्ज कुसेव्हित्स्की. त्यांचा जन्म रशियांत १८७४ सालीं झाला. मॉस्कोस शिकावयास आले तेव्हां जवळ पैसा नव्हता, आणि डबल बेस शिकणारास वृत्ति मिळत होती म्हणून त्यांनीं तें अवजड, दुर्लक्षित वाद्य हातीं घेतलें. पुढें त्यांतच नांव काढलें. गरिबींतून शिकलेल्या माणसास शाळेची किंमत निराळीच कळते. टँगलवुड येथें शाळा काढावी हा त्यांचा ध्यास होता, आणि ८ जुलै १९४० रोजीं ती निघाली.

मुहूर्त चांगला नव्हता. युरोपांत लढाई पेटली होती आणि फ्रान्स नुकतेंच पडलें होतें. उद्घाटनासाठीं रॅंडल थॉम्प्सन यांजकडे एक जल्लोषाचें समूहगीत मागितलें होतें. जल्लोष करण्याजोगें त्यांस कांहीं दिसेना. त्यांनीं ‘आलेलुया’ या एकाच शब्दावर, शेवटीं मात्र ‘आमेन’ घालून, एक संथ व गंभीर रचना केली. छापील प्रती त्याच दिवशीं येऊन पोंचल्या. विद्यार्थ्यांस सरावास एक तासही मिळाला नाहीं. तरी तें गीत त्यांनीं गाइलें. त्या पहिल्या तुकडींत एकवीस वर्षांचा लेनर्ड बर्नस्टाइन होता, आणि रचना शिकविण्यास कोपलँड व हिंडेमिथ यांच्यासारखे अध्यापक होते.

येथें शिकवितात तें काय? व्हायोलिनवाले दोघे दोघे एका स्टँडपुढें बसतात. पान उलटण्याची वेळ आली कीं आंतल्या बाजूचा वादक तें उलटतो, बाहेरच्या बाजूचा वाजवीत राहतो. एका ओळींतल्या सर्वांचे गज एकाच दिशेनें चालावे लागतात. एकानें वर ओढला व दुसऱ्यानें खालीं, तर दिसावयासही वाईट व ऐकावयासही वाईट. फुंकीचें वाद्य वाजविणारास कित्येकदां मिनिट दोन मिनिटें गप्प बसून मात्रा मोजाव्या लागतात आणि नेमक्या क्षणीं एक स्वर द्यावा लागतो. (गप्प बसून मोजणें हा पाठ शिकविण्यास सर्वांत कठीण, हें कोणताही शाळामास्तर सांगेल.) चौघांच्या चतुष्कांत तर नायकही नसतो. पहिल्या व्हायोलिनवाल्याचा श्वास हीच सुरुवातीची खूण.

या शाळेची खरी कसोटी १९४२ सालीं लागली. लढाईमुळें पेट्रोलचें रेशनिंग झालें, दूर डोंगरांत श्रोते येणार कसे, म्हणून विश्वस्तांनीं महोत्सव रद्द केला. कुसेव्हित्स्की यांची पत्नी नाताली त्याच जानेवारींत वारली होती व तिच्या स्मरणार्थ त्यांनीं एक निधि काढला होता. त्या निधीच्या बळावर त्यांनीं शाळा चालूं ठेवली. बॉस्टनचा वाद्यवृंद नाहीं, तर विद्यार्थ्यांचाच वाद्यवृंद जलसे करील, असें ठरलें. शोस्ताकोविच यांची वेढ्यांत सांपडलेल्या लेनिनग्राडला अर्पण केलेली सातवी सिंफनी त्या वेळीं सूक्ष्म फिल्मवर तेहरान व कैरो या मार्गानें अमेरिकेंत आली होती. जुलैंत तोस्कानिनी यांनीं ती रेडिओवरून ऐकविली. परंतु अमेरिकेंत जाहीर जलशांत ती प्रथम वाजविली ती १४ ऑगस्ट रोजीं टँगलवुडच्या विद्यार्थ्यांनीं. सव्वा तास चालणारी ही रचना मुरलेल्या वादकांसही दमविते. वडीलधाऱ्यांनीं बंद ठेवलेल्या महोत्सवाची लाज विद्यार्थ्यांनीं राखली, असें म्हटल्यास तें वावगें होणार नाहीं. पुढें तीन उन्हाळे शाळाही बंद राहिली. १९४६ सालीं ती पुन्हा उघडली, आणि त्याच ऑगस्टांत ब्रिटन यांच्या ‘पीटर ग्राइम्स’ या संगीतनाटकाचा अमेरिकेंतील पहिला प्रयोग तेथील विद्यार्थ्यांनीं बर्नस्टाइनच्या नायकत्वाखालीं केला. तें नाटक लिहवून घेतलें होतें त्याच निधीनें.

इतर शाळांचे मार्ग निराळे आहेत. न्यूयॉर्क संस्थानांत इव्हान गालामियान यांनीं १९४४ सालीं काढलेल्या मेडोमाउंट येथें शिस्त कडक. मुलें सकाळीं आपापल्या खोलींत रियाज करीत असतां गुरुजी बाहेरून कानोसा घेत हिंडावयाचे. मुंबईस १९३५ सालीं सिंफनी वाद्यवृंद स्थापन करणारे मेहली मेहता न्यूयॉर्कास शिकले ते याच गालामियानांजवळ. १९५१ सालीं व्हर्मांटमध्यें निघालेल्या मार्लबरोचा रिवाज याच्या अगदीं उलट. तेथें रुडॉल्फ सर्किनसारखे मुरलेले वादक व कालचीं पोरें एकाच चतुष्कांत शेजारीं बसत आले आहेत, आणि रचना तयार झाली असें वाजविणारांस वाटल्याखेरीज ती लोकांपुढें आणीत नाहींत. भोजनगृहांत कागदी रुमालांचे गोळे करून एकमेकांवर फेंकण्याचाही तेथें प्रघात पडला, आणि त्यांत वडील मंडळीही मागें नसत. शिस्तीच्या भोक्त्यांस हें रुचणार नाहीं. पण चतुष्कांत आजोबांची चूक दाखविण्याचें धैर्य नातवास कोठून तरी यावें लागतेंच.

मेहली मेहता यांचे चिरंजीव झुबीन १९५८ सालीं टँगलवुड येथें गेले व नायकत्वाच्या पारितोषिकाचे मानकरी ठरले. इटलीचे क्लाउदियो अब्बादो हे त्यांचे त्या उन्हाळ्यांतील सहाध्यायी. टँगलवुडच्या या शाळेंत निवड झालेल्या वादकांकडून आज शिक्षणाचें शुल्क घेत नाहींत. निवड मात्र कठीण असते.

बर्नस्टाइन आयुष्यभर टँगलवुडास येत राहिले. १९९० च्या ऑगस्टांत प्रकृति खालावली असतांही त्यांनीं विद्यार्थ्यांच्या वाद्यवृंदाकडून आपले जुने गुरु कोपलँड यांची तिसरी सिंफनी वाजवून घेतली. त्याच विद्यार्थ्यांस घेऊन युरोपचा दौरा करावयाचा होता, तो रद्द झाला. १९ ऑगस्ट रोजीं शेडमध्यें त्यांनीं बॉस्टनच्या वाद्यवृंदाचें आपलें अखेरचें नायकत्व केलें, आणि १४ ऑक्टोबर रोजीं ते वारले.